मनगटाखालची कांब

आषाढ सरत आला की आमच्या घरातला सुक्या जवळ्याचा वास जायचा. आई जवळ्याचा डबा पुसून शेजारच्या काकूंकडे ठेवायला द्यायची आणि मग गणपती जाईपर्यंत वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं आणि तांदळाची भाकरी यांचीच फिरती चालायची. कारण तात्या, म्हणजे माझे वडील, आखणीला बसायचे. आखणी म्हणजे गणपतीच्या मूर्तीला डोळे रेखणं. पेणजवळच्या हमरापुरात घराघरात गणपतींचा कारखाना होता, तसा आमचाही होता. कारखाना म्हणजे काय, तर ओटीपुढे बांबूचा मांडव, वर प्लास्टिकचे कागद आणि खाली पाय ठेवायला जागा नाही इतक्या मूर्ती. रात्री झोपायचं तेही गणपतींच्या मधे. दिवसभर पॉलिशपेपरची खसखस, वर कागदावर पावसाचा ताशा, आणि ओल्या मूर्ती सुकवायला ठेवलेल्या शेगड्यांचा धूर. त्या धुराने पावसाळाभर आमचे सगळ्यांचे डोळे लाल असायचे. माझी नात हे लिहून घेते आहे. मी सांगते, ती लिहिते, कारण माझं अक्षर हल्ली कुणाला लागत नाही. आत्ताच तिने मधे विचारलं, "आजी, तुला भीती नाही वाटायची, एवढे देव आजूबाजूला?" वाटायची, पण डोळे झाल्यावर. डोळे होईपर्यंत ती नुसती माती. आम्ही तिच्यावर ओली फडकी वाळत घालायचो. एकदा डोळे झाले की मात्र तिच्याकडे पाय करून झोपायचं नाही, असा आमच्या घरचा नियम होता.

माती मळणं, साच्यात भरणं, घासणं, रंग देणं ही कामं आई करायची, मी करायची, हंगामाला येणाऱ्या बायका करायच्या. डोळे मात्र एकट्या तात्यांचे. ते पहाटे विहिरीवर आंघोळ करून यायचे, कपभर कोरा चहा घ्यायचे आणि दाराच्या उजेडात पाटावर बसायचे. मग दुपारपर्यंत कुणाशी शब्द नाही. आधी डोळ्यातला पांढरा भरायचा, मग वरच्या पापणीची रेघ एका श्वासात ओढायची, आणि शेवटी बुबुळ. श्वास रोखलेला असायचा तेवढा वेळ घरातलं कुणी भांडंसुद्धा वाजवायचं नाही. लोक म्हणायचे, तात्यांचा गणपती खोलीत कुठेही उभे राहा, तुमच्याकडेच बघतो. पेणचे व्यापारी वसंतशेठ आमच्या मूर्ती मुंबईला पाठवायचे, आणि शिवाय दुसऱ्यांच्या कारखान्यातल्या मोठ्या मूर्ती फक्त डोळ्यांसाठी आमच्या मांडवात आणून ठेवायचे. आमच्या घरचा तांदूळ त्या पापणीच्या रेघेवर शिजत होता, हे मला लहानपणीसुद्धा कळत होतं.

आणि मी नववीत गेले त्या सुमाराला तात्यांचा उजवा हात कापायला लागला. आधी चहाच्या कपात कळलं, मग भाकरी मोडताना. तात्या म्हणायचे, पडशानं कमजोरी आली हाय. आईने वेळूची एक कांब तासून घेतली, तिला आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली, आणि तात्या आखणीला बसले की ती समोर बसून कांबेचं एक टोक आपल्या खांद्याशी दाबून धरायची. दुसरं टोक मूर्तीच्या पाटाला टेकवलेलं. तात्यांचं मनगट त्या कांबेवर विसावायचं आणि मग रेघ सरळ यायची. पूर्वीपेक्षा वेळ लागायचा, पण सरळ यायची. कुणी विचारलं तर सांगायचं, तात्यांची मान धरते म्हणून आधार घेतला आहे. हे गुपित आम्हा तिघांचं होतं. आई म्हणायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कुनाला बोललीस तर बघ, सुमे." मी कशाला बोलते?

त्या वर्षांत आठवड्याला एक संध्याकाळ सगळं गाव ग्रामपंचायतीच्या खोलीत जमायचं. गावात टीव्ही तेवढा एकच. एका मुंबईतल्या ऑफिसची विनोदी मालिका लागायची. तिचं नाव आज कुणाला आठवणार नाही, आणि मला घ्यायचं नाही. एक गुरगुरणारे साहेब, एक टकले हेडक्लार्क, टेबलावर डोकं ठेवून झोपणारा शिपाई, स्वेटर विणणारी टायपिस्ट. आम्हाला ती फार आवडायची. तात्यांना तर इतकी, की त्या संध्याकाळी ते आखणीचं सामान लवकर आवरायचे. हेडक्लार्कांनी चष्मा कपाळावर चढवून ऑफिसभर चष्मा शोधला की तात्या मांडीवर थाप मारून हसायचे. आई पदर तोंडात धरून हसायची. घरी येताना चिखलातून चालता चालता तात्या दर वेळी तोच प्रश्न विचारायचे, "पण ही मानसं काम काय करतात गो? अर्धा तास बघतोय, कुनी काय बनवलं नाय अजून." आई म्हणायची, "कागद करतात." तात्या म्हणायचे, "कागदाला डोळे कवा काढतात?" यावर आम्ही घरापर्यंत हसायचो. आमच्या घरात इतकं हसणं त्यानंतर झालं नाही.

एका दुपारी वसंतशेठ छत्री मिटत ओटीवर आले ते मोठी बातमी घेऊन. त्या मालिकेत ऑफिसातल्या गणपतीचा भाग करायचा होता. साहेब आणि हेडक्लार्क मूर्ती घ्यायला कारखान्यात येतात, असा प्रसंग होता, आणि तो खऱ्या कारखान्यात घ्यायचा होता. वसंतशेठनी आमचं नाव सांगून टाकलं होतं. "तात्या, तुमचा हात टीव्हीवर मोठा दाखवणार. रेघ ओढताना. सगळी मुंबई बघंल." तात्यांचा चेहरा मी पाहत होते. आधी तो फुलला, मग त्यांनी उजवा हात मांडीखाली घेतला. आई चहा आणायला आत गेली ती बराच वेळ आली नाही. मी चुलीशी गेले तर ती आधण उतू जात असताना नुसती उभी होती. शेठ गेल्यावर म्हणाली, "नको म्हना." तात्या म्हणाले, "काय सांगू? कशापायी नको? नको म्हटलं की इचारतील." थोड्या वेळाने म्हणाले, "कांब हाय ना. तू हायेस. मग झालं तर." खरं सांगायचं तर त्यांनाही जावंसं वाटत होतं टीव्हीच्या त्या पेटीत. कुणाला वाटणार नाही? जन्मभर डोळे रेखले, पण ते रेखणारा माणूस कोण हे मुंबईत कुणाला ठाऊक होतं?

शूटिंगला गाडी आली तेव्हा अख्खा गाव आमच्या मांडवाभोवती उभा होता. ते टकले हेडक्लार्क खरे तर टकले नव्हते, टकलाची टोपी घालायचे, हे पाहून आम्हा मुलींचा केवढा विरस झाला. दिग्दर्शक तरुण होता, गळ्यात मफलर, भर पावसाळ्यात. वाईट माणूस नव्हता तो. त्याने तात्यांना नमस्कार केला, आईच्या हातचे पोह्याचे पापड मागून खाल्ले. प्रसंग साधाच होता. तात्यांनी एका हातभर मूर्तीला डोळे रेखायचे, कॅमेरा त्यांच्या हातावर, आणि मागे साहेब आणि हेडक्लार्क यांचं भांडण चालू. तात्या आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून पाटावर बसले. आईने कांब खांद्याशी धरली. दिवे लागले. आमच्या मांडवात इतका उजेड कधी पडला नव्हता, कोपऱ्यातली कोळिष्टकंसुद्धा चमकायला लागली.

दिग्दर्शकाने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, तुम्ही जरा बाजूला व्हा. तुमची सावली पडते त्यांच्या हातावर." आई हलली नाही. तो पुन्हा म्हणाला. वसंतशेठ हसत पुढे झाले, "अगं वहिनी, तुला नाय दाखवायचं टीव्हीवर, तात्यांना दाखवायचं हाय." लोक हसले. आई उठली. मग दिग्दर्शक म्हणाला, "आणि ही काठीपण काढा हो, मधे येते." आईने तात्यांकडे पाहिलं. सगळं गाव बघत होतं, शेठ बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं, की ही काठी लागते मला. तात्यांनी आपल्या हाताने कांब उचलून आईकडे दिली. आई ती छातीशी धरून भिंतीला टेकून उभी राहिली.

पांढरा भरेपर्यंत ठीक होतं. डावा डोळाही कसाबसा झाला, कारण तात्यांनी करंगळी सोंडेला रोवली होती. उजव्या डोळ्याची पापणी ओढताना करंगळी सोंडेपर्यंत पोचत नव्हती. साहेब मागून ओरडायला लागले, "मला कडक नजरेचा गणपती पाहिजे! ऑफिसात बसवायचाय!" आणि तात्यांचा हात सुटला. जसं पान हलतं तसा तो हलत होता. रेघ खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली, आणि ब्रश टेकला तिथे बुबुळ पार कानाच्या बाजूला जाऊन बसलं. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, संपलं. एवढ्यात दिग्दर्शक ओरडला, "वा वा वा! कट! काय अ‍ॅक्टिंग केलीत हो तात्या! साहेबाला घाबरून हात थरथरला! मी सांगितलंसुद्धा नव्हतं!" सगळं गाव टाळ्या पिटायला लागलं. तात्या त्या टाळ्यांकडे बघत होते, मग आईकडे, आणि मग हळूच हसले.

त्या तरुणाने तिथल्या तिथे गोष्टच बदलली. ऑफिसात आणलेल्या गणपतीचा एक डोळा तिरपा, तो कँटीनकडे बघतो, म्हणून सगळा स्टाफ देवाची आज्ञा समजून दिवसभर कँटीनमध्ये जाऊन बसतो. तो सांगत होता आणि हेडक्लार्क पोट धरून हसत होते. तात्यांनी ओला फडका हातात घेतला होता. "साहेब, हा डोळा मी पुसून नीट करून देतो," ते म्हणाले. दिग्दर्शक म्हणाला, "अहो नको, हाच पाहिजे आता! आम्ही मूर्ती घेऊन जातो, स्टुडिओत लागेल." तात्या गाडीपर्यंत त्यांच्या मागे गेले. पावसात भिजत त्यांनी खिडकीतून सांगितलं, "काम झालं की तिचं विसर्जन करा पन. डोळे झालेत तिचे." "हो हो," तो म्हणाला. "तोंडावर रुमाल टाका, तसंच नेऊ नका," तात्या म्हणाले, पण गाडी सुटली होती. मागच्या काचेतून ती मूर्ती आमच्याकडे पाहत गेली, एका डोळ्याने आमच्याकडे आणि एकाने शेताकडे.

आमचं नशीब, की सगळ्यांनी ते अभिनय म्हणून घेतलं. निदान त्या वेळी आम्हाला ते नशीब वाटलं. आई म्हणाली, "देवानंच राखलं." पण भाग लागणार त्या दिवशी गावात थांबायचं नाही, हे तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. पंचायतीच्या खोलीत सगळे हात बघायला बसणार आणि त्यात एखादा तरी जाणता निघणार, ही तिची धास्ती. म्हणून भर कामाच्या दिवसांत, मांडवात डोळ्यांवाचून मूर्तींची रांग उभी असताना, आम्ही तिघं एसटीने रोह्याला निघालो. रोह्याजवळ वरशाला तात्यांची धाकटी बहीण राहायची. तिच्या यजमानांना, म्हणजे आमच्या आतोबांना, रसायनाच्या कंपनीत कायमची नोकरी होती आणि घरी स्वतःचा टीव्ही होता.

आईचा बेत आत्याने नकळत धुळीला मिळवला. तिने सगळी आळी बोलावून ठेवली होती. कंपनीतले आतोबांचे दोस्त शिफ्टवरून सुटून तसेच आले होते, त्यांच्या कपड्यांना तो कंपनीचा उग्र वास. बायका पोरं घेऊन, म्हातारे भिंतीला टेकून. आत्याने परातभर बटाटेवडे केले होते आणि तात्यांना एकुलत्या खुर्चीवर बसवलं होतं, नवरदेवासारखं. "माजा दादा बघा हां आता," ती प्रत्येकाला सांगत होती. मला आठवतं, तात्यांनी वडा हातात घेतला होता आणि तो शेवटपर्यंत तसाच हातात राहिला.

आधी ऑफिस आलं, मग आमचा मांडव आला. आपलं घर त्या पेटीत बघताना अंगावर काटा येतो, मग काहीही होवो. आमची ओटी, आमच्या शेगड्या, दोरीवरचं माझं परकर-पोलकं. बायका माझ्याकडे बघून हसल्या. आणि मग पडदाभर तात्यांचा हात आला. दुसरं काही नाही, नुसता हात. नखांतला रंग दिसत होता. तो हात थरथरायला लागला आणि पेटीतून हसण्याचा लोंढा आला. शंभर माणसं एकदम हसावीत तसा. त्यांचं ऐकून खोलीतलेही हसले, आतोबा हसले, आत्या तर डोळे पुसत हसली. त्यांचं काय चुकलं? विनोदच होता तो. हात पुन्हा पुन्हा दाखवत होते, जवळून, आणखी जवळून, आणि दर वेळी ती माणसं हसत होती.

तात्यांनी विचारलं, "हे कोन हसतात, दाजी?" आतोबांना जगातलं सगळं माहीत असायचं. ते म्हणाले, "मुंबैची मानसं. त्यांना समोर बसवून दाखवतात आधी, आनी मंग आपल्याला." तात्यांनी मान हलवली. मग त्यांनी आपला उजवा हात डोळ्यांसमोर धरला, आणि एकदा पेटीतल्या हाताकडे आणि एकदा या हाताकडे पाहिलं. मी त्यांच्या पायाशी बसले होते, म्हणून मला ऐकू आलं. ते म्हणाले, "इतका हलतो?" फक्त मी आणि आईने ऐकलं. इतक्या दिवसांत त्यांना आपला हात दिसलाच नव्हता. आखणी करताना माणूस रेघेकडे बघतो, हाताकडे बघत नाही. कांबेवरून रेघ सरळ येत होती, म्हणून ते समजून चालले होते की जरासं काहीतरी आहे, पडशाची कमजोरी आहे.

आई रात्री त्यांना म्हणाली, "हसतील त्यांचे दात दिसतील. तुमी कशाला मनाला लावून घेता?" तात्या भिंतीकडे तोंड करून पडले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही परत निघालो. गाडी वडखळला चहाला थांबली. तात्या खाली उतरून टपरीशी उभे होते आणि एक अनोळखी माणूस त्यांना न्याहाळत पुढे आला. चांगल्या घरचा दिसत होता, हातात सुटकेस. "तुम्हीच ना ते? काल टीव्हीवर! अहो काय हात हलवलात! आमची मंडळी लोळत होती हसून. एकदा दाखवा ना, पोराला दाखवा." त्याने आपल्या लहान मुलाला पुढे ढकललं. मला वाटलं, तात्या तोंड फिरवतील. तात्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला, उजवा हात पोराच्या तोंडासमोर उचलला आणि नुसता धरला. त्यांना काही करावं लागलं नाही. पोरगं खदखदून हसलं. टपरीवाला हसला. "वा, कलाकार!" तो माणूस म्हणाला. आई एसटीच्या खिडकीतून बघत होती. तिने पदर तोंडात धरला होता, टीव्ही बघताना धरायची तसाच.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी नेहमीसारखी आंघोळ केली, चहा घेतला, पाटावर बसले. आईने कांब धरली. कांब होती, आई होती, दाराचा उजेड होता. तात्यांनी ब्रश रंगात बुडवला आणि तो वर नेताना ते आपल्या हाताकडे बघायला लागले. रेघेकडे नाही, हाताकडे. ब्रशावरचा थेंब वाळून गेला. त्यांनी तो पुन्हा बुडवला. असं दुपारपर्यंत चाललं. शेवटी आई कांब घेऊन उठली आणि चुलीपाशी जाऊन बसली. इतकी वर्षं झाली, पण तसा गच्च बसलेला दिवस माझ्या छातीवरून अजून उठलेला नाही.

चतुर्थी तोंडावर आली होती. वसंतशेठ टेम्पो घेऊन आले. ओटीवर बसून त्यांनी पान लावलं, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग खाली बघत म्हणाले, "तात्या, समदी म्हनतात अ‍ॅक्टिंग. मी पन हसलो, खोटं कशाला बोलू? पन मी रेघ बघनारा मानूस हाय. तशी रेघ नाटकाची नसते." पान तोंडात टाकत पुढे म्हणाले, "यंदा आराम करा. मूर्ती मी पेणला नेतो, डोळे तिकडं करून घेतो. घराला काय कमी पडू देनार नाय." खरंच चांगला माणूस होता. त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

हमाल मूर्ती उचलायला लागले. डोळ्यांवाचून मूर्ती आमच्या दारातून कधी बाहेर पडली नव्हती. आई आतून फडकी घेऊन आली. जुन्या लुगड्यांचे, माझ्या परकराचे, मिळेल त्या कापडाचे तुकडे, आणि एकेका मूर्तीच्या तोंडावर ते बांधायला लागली. गणपती घरी नेताना लोक त्याच्या तोंडावर रुमाल टाकतात, तसे. वसंतशेठ म्हणाले, "वहिनी, यांचे डोळे कुठं झालेत अजून? रुमाल कशाला?" आई गाठ मारता मारता म्हणाली, "त्यांना दिसू नये म्हनून नाय बांधत, शेठ. गावाला दिसू नये म्हनून बांधते." मग शेठ स्वतःही एक फडका घेऊन बांधू लागले. टेम्पो गेला तेव्हा मांडवात नुसते ओले ठसे राहिले होते, पाटांचे.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. मी शाळा सोडून वरशाला आत्याकडे राहिले, कंपनीत पॅकिंगला लागले, तिथेच लग्न झालं. तात्या दुसऱ्यांच्या कारखान्यात मूर्ती घासायला जायचे. घासताना हात हलला तर चालतं. हंगामाला मुंबईची गिऱ्हाइकं आली की मालक सांगायचे, हे बघा, टीव्हीवरचे तात्या, आणि तात्या हात उचलून दाखवायचे. ते असे वर्षानुवर्षं दाखवत राहिले. मला राग यायचा, पण कुणाचा ते कळायचं नाही. ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी माझ्या जावयाने सहज बोलता बोलता सांगितलं, की तसल्या मालिकांतलं हसणं आधीच भरून ठेवलेलं असतं, कुठलं तरी जुनं, आणि पाहिजे तिथे चिकटवतात. मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं. म्हणजे तात्यांचा हात बघून मुंबईत कुणीही हसलं नव्हतं. त्या माणसांनी तो हात पाहिलाच नव्हता. हे सांगायला मी कुठे जाऊ?

पण तात्यांना हसण्याचं दुःख होतं, असं मला आता वाटत नाही. त्यांना त्या मूर्तीचं होतं. वसंतशेठकडून त्यांनी मुंबईला निरोपावर निरोप पाठवले, की विसर्जन केलंत का. उत्तर आलं नाही. आपल्या हातून डोळे घेतलेला देव कुठल्या तरी गोदामात, खुर्च्या-टेबलांच्या गर्दीत, तिरपा डोळा उघडा ठेवून बसला आहे, कुणी पाण्याला नेत नाही, आणि ती आपली शेवटची रेघ आहे, हे त्यांना जेवू द्यायचं नाही. त्यानंतर दर वर्षी विसर्जनाला ते एक रिकामा पाट डोक्यावर घेऊन निघायचे. मिरवणुकीत सगळ्यांच्या डोक्यावर गणपती आणि यांच्या डोक्यावर नुसता पाट. लोक म्हणायचे, तात्यांचं फिरलं. कुणी विचारलं, तात्या, कुनाचं विसर्जन? की सांगायचे, "हाय एक मुंबैला." पाण्यात कमरेपर्यंत जायचे, पाट तीनदा बुडवायचे, आणि वाळू घेऊन परत यायचे. शेवटच्या आजारात त्यांनी मला एवढंच विचारलं, "आता कोन नेईल गो?" मी म्हटलं, मी नेते.

म्हणून मी नेते. इकडे रोह्याला, कुंडलिकेच्या घाटावर. तात्या आता नाहीत, आई नाही, वसंतशेठ नाहीत, मी मात्र रिकामा पाट घेऊन पाण्यात उतरते आणि मुंबईच्या त्या देवाला म्हणते, ये बाबा आता. तो येत नाही, हे मला पाट उचलताना दर वेळी कळतं. गेल्या वर्षी नातीला सोबत नेलं. मी पाट दोन्ही हातांनी पाण्यावर धरला होता. ती माझ्याजवळ उभी होती, आणि तिने बघितलं. म्हणाली, "आजी, पाट किती हलतोय."

मी म्हटलं, "पाण्याला ओढ आहे गो."